उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या हिंडलग्याहून बेळगाव शहरात बाजारहाटासाठी जाणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल केव्हा ना केव्हा किर्लोस्कर रस्त्यावर पडतेच. परंतु हे किर्लोस्कर कोण, असे विचारले असता पुष्कळांना उत्तर देता येत नाही. कोणी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे नाव घेतो, तर कोणी पाण्याच्या पंपाचे नाव सांगतो. रस्त्याचे नाव ओठी असावे आणि त्या नावामागचा माणूस मात्र विस्मरणात जावा, हे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून यंदाच्या अंकात याच रस्त्यावर ज्यांनी आपल्या उद्योगाची पहिली पायरी बांधली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

नवा उद्योग काढणे कठीण असते. परंतु बंद पडू पाहणारा उद्योग पुन्हा चालता करणे त्याहूनही कठीण असते. आरंभीच्या कामात उत्साहाची साथ मिळते. पडझडीनंतरच्या कामात मात्र निराशा, कर्ज आणि लोकांची कुत्सित नजर यांना तोंड देत उभे राहावे लागते. लक्ष्मणरावांवर ही वेळ एकदा नव्हे, चार वेळा आली. त्या चारही प्रसंगी ते कसे वागले, हेच त्यांच्या चरित्राचे सार आहे असे आम्हांस वाटते.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांचेही गाव हेच. एकाच लहानशा गावाने महाराष्ट्राला एक नाटककार आणि एक कारखानदार द्यावा, हा योग खरोखर विलक्षण होय. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने रीतसर शिकून चांगली नोकरी धरावी, अशी घरच्यांची इच्छा असणे स्वाभाविक होते. परंतु मुलाचे मन पुस्तकात रमत नसे. त्याला ओढ होती ती चित्रे काढण्याची आणि यंत्रे न्याहाळण्याची. अखेर १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळविला.

तेथे दोन वर्षे गेली आणि एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, असे आढळून आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता? तथापि रंग गेले तरी रेषा हाती उरली आहे, हे त्यांनी ओळखले. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. त्यांना अचूक रेषा लागते. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक विद्यालयात, म्हणजे हल्ली वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, ते त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. विद्यालयाच्या कर्मशाळेतील यंत्रे हाच तेथे त्यांचा खरा ग्रंथ होता. यंत्र उघडावे, पुन्हा जोडावे, त्याचा गुण आणि दोष समजून घ्यावा, हा त्यांचा नित्याचा छंद झाला.

याच काळात सायकल हे नवलाईचे वाहन मुंबईत दिसू लागले होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात त्या विकाव्यात, असा व्यापार सुरू झाला. त्या वेळी एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपये असे आणि ती चालविण्यास शिकविण्याचे निराळे १५ रुपये पडत! किर्लोस्कर बंधूंचा उद्योगसमूह आपला जन्म १८८८ साली झाला असे मानतो तो या आरंभामुळे. पुढे विद्यालयात बढतीची वेळ आली असता लक्ष्मणरावांना डावलून ती जागा दुसऱ्यास देण्यात आली. हा अपमान गिळून नोकरी टिकविणे त्यांना सहज शक्य होते. परंतु त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि ते बेळगावास भावाजवळ येऊन राहिले.

बेळगावात सायकलीच्या दुकानावर लक्ष्मणरावांचे समाधान झाले नाही. दुसऱ्याने केलेली वस्तू विकण्यापेक्षा आपण वस्तू करावी आणि तीही शेतकऱ्याच्या उपयोगाची असावी, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर ते लोखंडी नांगराकडे वळले. आणि येथेच त्यांच्यावर पहिला कठीण प्रसंग ओढवला. नांगर तयार झाले, पण कोणी घेईना. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, असा समज तेव्हा खेड्यापाड्यांतून पसरलेला होता. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. भांडवल अडकून पडले आणि ज्यांनी पैसे दिले होते त्यांचाही धीर सुटण्याची वेळ आली.

अशा वेळी शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष देऊन मोकळे होणे किती सोपे होते! परंतु आमच्या मते शेतकऱ्याचे भय सर्वस्वी निराधार नव्हते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुपारपर्यंत नीट करून देई. लोखंडी नांगराचा फाळ मोडला तर शेतकऱ्याने कोठे धाव घ्यावी? शिवाय दख्खनची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते आणि तेथे कच्च्या लोखंडाचा टिकाव लागत नाही. लक्ष्मणरावांनी आपल्या नांगराचे दोष शोधून ते काढण्याचे काम हाती घेतले. हळूहळू शेतकऱ्यांचा विश्वास बसला आणि नांगर खपू लागला. वस्तू खपत नसेल तर गिऱ्हाइकाकडे बोट दाखविण्यापूर्वी ती वस्तू पुन्हा एकदा तपासून पाहावी, हा धडा लक्ष्मणराव येथे शिकले.

कारखाना कोठे मार्गी लागतो न लागतो तोच दुसरा प्रसंग आला. बेळगावच्या नगरपालिकेने जागा रिकामी करण्याचा हुकूम काढला. भट्टी, यंत्रे, कामगार, त्यांचे संसार हे सारे उचलून न्यावयाचे तरी कोठे? त्या वेळी लक्ष्मणरावांनी चाळिशी ओलांडली होती. पंचवीस वर्षांच्या खटपटीनंतर हाताशी उरली होती ती काही यंत्रे आणि काही माणसे.

येथे आम्ही वाचकांना क्षणभर दूर जपानात नेऊ इच्छितो. कारण नेमक्या याच १९१० साली तेथेही एका कारागिराला आपल्या कारखान्यातून बाहेर पडावे लागले. त्याचे नाव साकिची टोयोडा. त्याचा जन्म १८६७ सालचा, म्हणजे तो लक्ष्मणरावांहून दोन वर्षांनी मोठा. तो एका खेड्यातील सुताराचा मुलगा होता आणि हातमाग सुधारण्याच्या ध्यासाने त्याने आपले तारुण्य वेचले होते. त्याच्या मागावर एक कंपनी उभी राहिली. परंतु मंदीच्या दिवसांत कंपनीचा जम बसेना, तेव्हा त्याच्यावर राजीनामा देण्याची पाळी आली. खचून घरी न बसता त्याने अमेरिकेची वाट धरली. तेथील व युरोपातील कापडगिरण्या त्याने डोळे उघडे ठेवून पाहिल्या, अमेरिकेच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारी पाहिल्या आणि मायदेशी परतून १९११ साली नागोया येथे नव्याने आरंभ केला. इकडे लक्ष्मणराव आणि तिकडे साकिची. दोघांनाही एकमेकांचे नाव ठाऊक नव्हते. या दोन नावांची गाठ पुढे कशी पडली, ते आम्ही शेवटी सांगणार आहोत.

लक्ष्मणराव त्या सुमारास औंध संस्थानात एका सभागृहाच्या बांधकामात गुंतले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि गुणांचे पारखी होते. लक्ष्मणरावांची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल गावाजवळ, कुंडल रोड या रेल्वे स्थानकालगत ३२ एकर जमीन देऊ केली आणि कर्जाच्या रूपाने मदतही केली. जमीन कसली, ते निवडुंगाचे आणि खडकांचे रान होते. सापांचाही तेथे सुळसुळाट होता. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव तेथे पोहोचले. त्यांच्या सोबतीस सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. निवडुंग तोडून त्यांनी घरे बांधली, भट्टी उभारली आणि त्या ओसाड माळावर नांगर तयार होऊ लागले. किर्लोस्करवाडीचा जन्म हा असा झाला. टाटांच्या जमशेदपुरामागोमाग आपल्या देशात वसलेल्या पहिल्या उद्योगनगरांत तिची गणना होते. बेळगावहून पुण्यास जाणारी आगगाडी मिरज आणि सांगली मागे टाकून पुढे निघाली की आजही हे स्थानक लागते. पूर्वीचे कुंडल रोड हे नाव जाऊन तेथे किर्लोस्करवाडी हे नाव आले आहे.

हे नगर कोणी वसविले? त्या माणसांची ओळख करून घेण्यासारखी आहे. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. शंभूराव जांभेकर यंत्रे सांभाळीत आणि कोणी आजारी पडला तर औषधही देत. हिशेब आणि पत्रव्यवहार मंगेशराव रेगे यांच्याकडे होता. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट सुटले होते, पण त्यांची कल्पकता यंत्राच्या कामात झळकली. के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घेत. यांतील कित्येकांना केवळ प्रमाणपत्र पाहून कोणी दारात उभे केले नसते. लक्ष्मणराव मात्र माणसाने काय गमावले आहे हे न पाहता त्याच्यापाशी काय उरले आहे ते पाहत. स्वतः रंग गमावून रेषेवर उभा राहिलेला माणूस दुसऱ्याकडे याच दृष्टीने पाहणार, यात नवल ते काय?

एक गोष्ट आम्हां हिंडलगेकरांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आमच्या गावाचे नाव दूरवर कळते ते येथील मध्यवर्ती कारागृहामुळे. त्या उंच भिंतीआडून सुटून येणाऱ्या माणसाला पुन्हा काम कोण देणार, हा प्रश्न आम्हांला नवा नाही. लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडीत याचे उत्तर कृतीने दिले. गुन्हेगार म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसला होता, अशा माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्याच्या हाती सारा कारखाना सोपविला, तो माणूस त्या विश्वासाला जागतो, अशी त्यांची श्रद्धा होती. अस्पृश्यतेलाही त्यांनी आपल्या वसाहतीत थारा दिला नाही. हे सारे त्यांनी त्या काळात केले, हे विसरता कामा नये.

तिसरा प्रसंग पहिल्या महायुद्धाचा. १९१४ साली युद्ध पेटले आणि परदेशातून येणारे लोखंड, दगडी कोळसा आणि रंग दुर्मिळ झाले. नांगराला मागणी होती, पण नांगर करण्यास माल नव्हता. लक्ष्मणरावांनी भट्टीत योग्य तो फेरफार करून लाकडी कोळशावर काम चालविले. लोखंडाच्या शोधात असता कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज त्यांच्या साहाय्यास धावून आले आणि जुन्या, निकामी झालेल्या तोफा त्यांनी वितळविण्यासाठी दिल्या. ज्या लोखंडाने एके काळी रणांगणावर आग ओकली, त्याच लोखंडाने पुढे शेतकऱ्याच्या शिवारात माती उलथली! टंचाईचे ते दिवस असे पार पडले आणि १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. लोकांनी आपला पैसा विश्वासाने तिच्या भागभांडवलात घातला. याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची वार्ता देण्यासाठी निघालेले हे छोटे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी घराघरांत पोहोचले.

लक्ष्मणरावांनी पाश्चात्त्य विद्येचा कधी द्वेष केला नाही आणि तिची पूजाही केली नाही. त्यांनी आपले चिरंजीव शंतनुराव यांस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रसंस्थेत शिकण्यास पाठविले. शंतनुराव १९२६ साली अभियंता होऊन परतले ते कोण्या परकी कंपनीत मोठी जागा धरण्यासाठी नव्हे, तर माळरानावरच्या त्या कारखान्यात काम करण्यासाठी. त्याच वर्षी किर्लोस्करवाडीत पाण्याचा पंप तयार झाला. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे यांचीही त्यात भर पडली. पुढे १९४१ साली हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे तयार करण्याचा कारखाना निघाला आणि १९४६ साली बंगळूर येथे विजेच्या मोटारी व पुणे येथे तेलावर चालणारी इंजिने यांचे कारखाने निघाले. ज्याला एके काळी एक नांगर विकण्यास दोन वर्षे लागली, त्याच्या घराण्याचा हा विस्तार!

तिकडे साकिचीचे कामही थांबले नव्हते. १९२४ साली त्याने पुत्र किइचिरो याच्या साहाय्याने एक स्वयंचलित माग पूर्ण केला. त्या मागाचा मोठा गुण असा की, सूत तुटताच तो आपोआप थांबे. चुकीचे कापड विणत राहण्यापेक्षा थांबावे, दोष काढावा आणि मग पुढे जावे, हे जणू त्याने यंत्रालाच शिकविले. १९२९ साली इंग्लंडच्या ऑल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या मान्यवर कंपनीने त्या मागाचे हक्क घेण्यासाठी एक लक्ष पौंडांचा करार केला. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिला, त्या इंग्लंडला जपानी सुताराच्या मुलाकडून माग घ्यावासा वाटला! पुढच्याच वर्षी साकिची निवर्तला. किइचिरोने पुढे मोटारींचा ध्यास घेतला आणि १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली.

लक्ष्मणरावांवरील चौथा प्रसंग सर्वांत दारुण होता. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची निर्घृण हत्या झाली. त्या शोकाचे रूपांतर दक्षिण महाराष्ट्रात ठिकठिकाणी जाळपोळीत झाले. त्या वणव्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. अडतीस वर्षे खपून उभे केलेले काम डोळ्यांदेखत पेटले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. या वयात आणि या अन्यायानंतर वाडी सोडून जाण्याचा विचार कोणाच्याही मनात आला असता, तर त्यास दोष देता आला नसता. परंतु राख उपसली गेली, यंत्रे पुन्हा बसविली गेली आणि कारखाना त्याच जागी पुन्हा चालू झाला. तो आजही तेथेच आहे. सूड उगविण्यात जी शक्ती खर्च झाली असती, ती उभारणीत लागली, हाच या प्रसंगाचा बोध होय.

योगायोग असा की, दोनच वर्षांनी, १९५० साली, जपानातील टोयोटा कंपनीही बुडण्याच्या बेतास आली. महायुद्धाने देश उद्ध्वस्त झाला होता. मोटारी विकल्या जात नव्हत्या. कामगारांना कमी करणार नाही असे वाटत असता कमी करावे लागले आणि मोठा संप झाला. तेव्हा किइचिरोने सारी जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली आणि अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर कंपनी सावरली आणि पुढे जगात अग्रेसर झाली. पश्चिमेकडे एखादा उद्योग डबघाईस आला की हिशेबाच्या वह्या प्रथम उघडतात, आणि ते आवश्यकही आहे. परंतु वह्यांत जे लिहिलेले नसते, म्हणजे माणसामाणसांतील विश्वास, तो टिकला नाही तर नुसत्या आकड्यांनी उद्योग उठत नाही. किर्लोस्करवाडी काय किंवा नागोया काय, दोन्ही ठिकाणचा अनुभव आम्हांस हेच सांगतो.

लक्ष्मणरावांचे देहावसान २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आता वर दिलेले वचन पुरे करतो. १९९७ साली आपल्याच कर्नाटक राज्यात टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली आणि बंगळूरजवळील बिडदी येथे तिचा मोटारींचा कारखाना उभा राहिला. १९१० साली आपापल्या कारखान्यातून बाहेर पडावे लागलेल्या दोन कारागिरांची नावे ८७ वर्षांनी एका पाटीवर आली. दोघेही ते पाहण्यास हयात नव्हते. तथापि दोघांनीही लावलेले झाड एवढे वाढेल, अशी कल्पना तरी त्यांना होती काय?

विद्यार्थिमित्रांनो, लक्ष्मणरावांच्या चरित्रात आमच्या बेळगावला एक बोचणारी गोष्टही आहे. हा माणूस आमचा होता, त्याचा कारखाना आमच्या शहरात होता, आणि तो आम्ही राखू शकलो नाही. पुढे आमच्या शहरातही उद्यमबागसारखी औद्योगिक वसाहत झाली. ओतीव कामासाठी बेळगावच्या भट्ट्यांचे नाव दूरवर गेले. आमच्या पंचक्रोशीतील कित्येक घरांची चूल त्या भट्ट्यांवर पेटते. भट्टीसमोर घाम गाळून सायंकाळी सायकलीवरून परतणारे वडील किंवा काका ज्यांच्या घरी आहेत, त्या मुलांनी एवढे जाणावे की लोखंड ओतण्याचे ते काम हलके नव्हे. एका मोठ्या परंपरेचे ते काम आहे आणि त्या परंपरेचा आरंभ याच मातीत झाला आहे.

परीक्षेत अपयश आले, जागा सोडावी लागली, हातची वस्तू कोणी घेईना, तर लक्ष्मणरावांचे स्मरण करावे. काय गेले याचा हिशेब एकदाच मांडावा, काय उरले आहे ते नीट पाहावे, आणि जवळची माणसे न सोडता पुन्हा कामास लागावे. पुढच्या वेळी किर्लोस्कर रस्त्यावरून जाताना आमच्या मुलांना एवढे आठवले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.